मराठी शाळेची दिवाळी रॅफल: सप्टेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५च्या नोंदी

इंग्लंडमध्ये बर्कशायरला आमची मराठी शाळा दर शनिवारी सकाळी भाड्याच्या वर्गांत भरते. स्थानिक दुकानदारांनी दिलेल्या बक्षिसांवर आम्ही दिवाळीत रॅफल, म्हणजे तिकिटं विकून बक्षिसांची सोडत, काढली. त्या काळात वहीत केलेल्या नोंदी थोड्या नीट करून इथे देते आहे. इतर शनिवार-रविवारच्या शाळांना पैशांच्या आकड्यापेक्षा कुठे अडतं आणि किती वेळ जातो, हे आधी कळलेलं बरं. यातले कायद्याचे मुद्दे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सपुरते आहेत. उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा आहे.

१४ सप्टेंबर, शनिवार

शाळा सुटल्यावर पालकांची बैठक झाली. निम्म्या घरांत अजून गणपती आहेत, त्यामुळे सगळे घाईत होते. मुद्दा एकच होता, वाचनालय. वर्ग भाड्याचे, कपाट ठेवायला जागा नाही. गोष्टीची पुस्तकं कोणाच्या तरी गाडीच्या डिकीत पिशव्यांत पडून असतात आणि ज्या शनिवारी ती गाडी येत नाही, त्या शनिवारी मुलांना पुस्तक मिळत नाही. शाळेच्या कोपऱ्यात कुलूप लावून ठेवता येईल अशी चाकांची पुस्तकगाडी आणि वाचायला लागलेल्या मुलांसाठी नवी पुस्तकं हवीत. ६०० पौंड लागतील असा अंदाज निघाला.

देणगीचं आवाहन नको, असं मी आग्रहाने सांगितलं. पालक फी भरतात, सणाची वर्गणी देतात, फराळाचा खर्चही तेच करतात. पुन्हा त्यांच्याच खिशात हात कशाला घालायचा? रॅफलची तिकिटं शेजारी, ऑफिसातले सहकारी, मुलांच्या रोजच्या शाळेतले पालक, कुणीही घेऊ शकतं. सोडत ९ नोव्हेंबरच्या दिवाळी कार्यक्रमात काढायची ठरली.

१८ सप्टेंबर, बुधवार

दुकानदारांसाठी एका पानाचं पत्र केलं. शाळा कुठे भरते, पैसे कशाला हवेत, सोडत कधी, संपर्क कोणाचा, आणि त्यांचं नाव तिकिटाच्या मागे, पोस्टरवर आणि स्टेजवरून येईल, एवढंच त्यात आहे. पहिल्या मसुद्यात शाळेचा इतिहास होता, तो काढला. गिऱ्हाईक समोर उभं असताना कुणी इतिहास वाचत नाही.

वेळ फार महत्त्वाची आहे. रेस्टॉरंटात दुपारी तीन ते पाचच्या मध्ये जायचं. किराणा दुकानात आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी, माल लावून झाल्यावर. शनिवारी कुठेच नाही. आणि मालक दुकानात असेल तेव्हाच जायचं. काउंटरवरची मुलं पत्र घेतात, हसून ‘देतो’ म्हणतात आणि पत्र गल्ल्याखाली जातं.

श्रीलंकन तमिळ किराणावाल्या अण्णांनी पत्र पूर्ण वाचलं. ते स्वतः गेली कित्येक वर्षं शनिवारच्या तमिळ शाळेच्या कमिटीवर आहेत. २० किलो तांदळाची पिशवी लगेच कबूल केली आणि मग विचारलं, “कौन्सिलकडे नोंदणी केलीत का?” कौन्सिल म्हणजे इथली स्थानिक पालिका. आमच्यापैकी कोणी हा प्रश्नच काढला नव्हता. तिकिटं छापायला टाकायच्या आधी त्यांनी विचारलं, हे शाळेचं भाग्य.

२१ सप्टेंबर, शनिवार

तीन दिवस कौन्सिलची आणि गॅम्बलिंग कमिशनची (जुगार आणि लॉटरीवर देखरेख करणारी सरकारी संस्था) माहितीपत्रकं वाचली. गॅम्बलिंग ॲक्ट २००५ प्रमाणे रॅफल ही लॉटरीच. कोणता नियम लागतो हे तिकिटं कुठे विकणार यावर ठरतं. आमच्यासमोर दोन रस्ते होते.

पहिला ‘इन्सिडेंटल लॉटरी’चा. तिकिटं फक्त कार्यक्रमाच्या जागी आणि कार्यक्रम चालू असतानाच विकायची. नोंदणी नाही, फी नाही. जमलेल्या पैशांतून खर्चासाठी जास्तीत जास्त १०० पौंड आणि विकत आणलेल्या बक्षिसांसाठी जास्तीत जास्त ५०० पौंड काढता येतात. दान आलेली बक्षिसं या ५००मध्ये धरत नाहीत.

दुसरा ‘स्मॉल सोसायटी लॉटरी’चा. आधीपासून बाहेर तिकिटं विकायची असतील तर स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी लागते. पहिल्या वर्षी ४० पौंड, पुढे दर वर्षी २० पौंड. जमलेल्या रकमेतला किमान २० टक्के भाग मूळ कामासाठीच जायला हवा आणि सोडतीनंतर तीन महिन्यांत हिशेब कौन्सिलला द्यायला हवा.

बैठकीत सोपा म्हणून पहिलाच रस्ता घ्यावा असं बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं. पण हॉलमध्ये येणार आपलीच माणसं. म्हणजे पुन्हा तेच खिसे. बाहेर विकायचं म्हणूनच तर रॅफल काढतोय, तेव्हा ४० पौंड भरून नोंदणी करायची, यावर शेवटी एकमत झालं.

एक गोष्ट मात्र अनेकांना पटायला जड गेली. या प्रकारात १६ वर्षांखालच्या मुलांना तिकीट विकता येत नाही आणि त्यांच्याकडून विकूनही घेता येत नाही. मुलांच्या हातात पुस्तिका देऊन शेजारी पाठवायचं, असा बहुतेकांचा बेत होता. तो रद्द. मुलांनी पोस्टर रंगवायची, विक्री मोठ्यांनी करायची.

२५ सप्टेंबर, बुधवार

अर्ज भरायला बसलो आणि पहिल्याच पानावर अडलो. संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, जोडा, असं म्हटलंय. शाळा सुरू झाली तेव्हा घटना लिहिली होती, हे सगळ्यांना आठवतं. ती कोणाकडे आहे, हे कोणालाच आठवत नाही. जुने खजिनदारकाका आता मँचेस्टरला असतात, त्यांच्या जुन्या ईमेलमध्ये सापडली, तीही सहीविना. कमिटीने सह्या करून पुन्हा स्कॅन केली. यात जवळजवळ आठवडा गेला. तुमच्या शाळेची घटना कुठे आहे ते आजच बघून ठेवा.

शाळेला स्वतःचं कार्यालय नाही, म्हणून पत्ता चिटणीस ताईंच्या घराचा दिला. तो चालला.

५ ऑक्टोबर, शनिवार

बक्षिसांची यादी आकार घेते आहे. काय मिळालं यापेक्षा कसं मिळालं ते सविस्तर लिहिते.

‘काहीतरी द्या’ म्हटलं की दुकानदार गोंधळतो आणि शेल्फवर न खपलेली वस्तू काढून देतो. एका भेटवस्तूंच्या दुकानातून अशाच काचेच्या बरण्या आल्या. त्यानंतर आम्ही नेमकं मागायला लागलो: “तुमच्याकडे ब्लाउज शिवून घ्यायला आमच्या बायका येतातच, दोन ब्लाउजांच्या शिलाईचं व्हाउचर द्याल का?” शिंपीणबाईंनी लगेच होकार दिला, कारण कापड जाणार नव्हतं, त्यांचा वेळ जाणार होता आणि नवं गिऱ्हाईक दुकानात येणार होतं. थ्रेडिंगवालीने तसंच व्हाउचर दिलं. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या दादांनी दोन तासांचा धडा दिला. पोळीभाजीचे डबे करणाऱ्या काकूंनी पंचवीस पुरणपोळ्यांची ऑर्डर दिली. त्यांचा घरगुती व्यवसाय कौन्सिलकडे नोंदलेला आहे का, हे आधी विचारून घेतलं. आहे.

सगळ्यात कामाचं बक्षीस गॅरेजवाल्याकडून आलं, मोफत एमओटी, म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी. गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी ही तपासणी करावीच लागते आणि कारसाठी तिची कमाल फी ५४ पौंड ८५ पेन्स आहे. गॅरेजवाला पोलिश आहे. त्याची मुलगीही शनिवारी पोलिश शाळेत जाते. पत्र अर्धंच वाचून त्याने शिक्का मारला. घरची भाषा मुलांना शिकवायला शनिवारची सकाळ देणाऱ्या माणसांना फार समजावून सांगावं लागत नाही, हे या दोन आठवड्यांत मला पुनःपुन्हा दिसलं.

जमलं नाही ते असं. मोठ्या सुपरमार्केटच्या शाखांत मॅनेजरला काही देण्याचा अधिकार नसतो. मुख्य कार्यालयाचा फॉर्म भरायचा, त्यात चॅरिटी क्रमांक मागतात, आणि आम्ही नोंदणीकृत चॅरिटी नाही. तिथे पुष्कळ वेळ गेला, हाती काही लागलं नाही. एका रेस्टॉरंटने वाइनच्या बाटल्या देऊ केल्या. मुलांच्या शाळेचा कार्यक्रम आहे म्हणून नको म्हटलं, त्याऐवजी चौघांच्या जेवणाचं व्हाउचर मागितलं. मिळालं.

मिठाईवाल्याने किलोभर काजूकतलीचा डबा आणून दिला आणि तेव्हाच हॉलच्या करारातलं कलम आठवलं. ती शाळा नट-फ्री आहे, काजू-बदाम आवारातही आणायचे नाहीत. डबा परत केला आणि तेवढ्याच किमतीचं व्हाउचर लिहून घेतलं. ज्यांची सोडत शाळेच्या हॉलमध्ये आहे, त्यांनी मिठाईवाल्याकडे जाण्याआधी हे कलम बघावं.

व्हाउचर घेताना चार गोष्टी लिहून घ्यायच्याच: रक्कम किंवा सेवा, शेवटची तारीख, कोणत्या वारी चालेल, आणि मालकाची सही. एका रेस्टॉरंटच्या व्हाउचरवर तारीख ३० नोव्हेंबर होती. सोडतीनंतर जेमतेम तीन आठवडे उरले असते. विनंती केल्यावर त्यांनी ती मार्चअखेर केली.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

कौन्सिलचं नोंदणीपत्र आलं. लगेच तिकिटाचा नमुना त्याच्याशी ताडून पाहिला, आणि दोन बदल करावे लागले.

नमुन्यावर ‘एक तिकीट १ पौंड, सहा तिकिटं ५ पौंड’ असं होतं. हे चालत नाही. प्रत्येक तिकिटाची किंमत सारखीच हवी, ती तिकिटावर छापलेली हवी, आणि पैसे मिळाल्यावरच तिकीट द्यायचं. इथल्या जत्रांमध्ये अशी सवलत सर्रास दिसते, म्हणून कोणाला शंका आली नव्हती. दुसरं म्हणजे तिकिटावर संस्थेचं नाव आणि सोडतीची तारीख होती, पण जबाबदार व्यक्तीचं नाव आणि पत्ता नव्हता. तो घातला.

तिसरा घोटाळा छपाईचा. वरची ओळ मराठीत, बाकी मजकूर इंग्रजीत, कारण घेणारे बरेचसे अमराठी. छापखान्यातून आलेल्या प्रुफावर ‘दिवाळी’ची पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटली होती आणि जोडाक्षरं सुटी झाली होती. त्यांच्या सॉफ्टवेअरला देवनागरी जुळवता येत नाही. एका बाबांनी ती ओळ चित्र म्हणून करून दिली आणि प्रश्न सुटला. मराठी मजकूर टाइप करून पाठवूच नका, चित्र किंवा फॉन्ट गोठवलेली पीडीएफ पाठवा. आणि प्रूफ मराठी वाचता येणाऱ्यानेच तपासावं.

१००० तिकिटं, पाच-पाचच्या २०० पुस्तिका, क्रमांक दोन्ही भागांवर. छापखान्याने मागच्या बाजूला स्वतःचं नाव घेऊन ४६ पौंडांत करून दिली.

१९ ऑक्टोबर, शनिवार

पुस्तिका वाटल्या. प्रत्येक कुटुंबाला दोन, हव्या त्यांना जास्त. कोणत्या क्रमांकांच्या पुस्तिका कोणाकडे, हे वहीत लिहून समोर सही घेतली. दहा मिनिटांचं काम सही घेण्यामुळे तासाभराचं झालं, तरी ते सोडू नये.

वेळापत्रकाची अडचण आज नीट दिसली. पुढच्या आठवड्यानंतर हाफ-टर्म, म्हणजे सत्राच्या मधली सुट्टी, इमारत बंद, म्हणून २६ ऑक्टोबर आणि २ नोव्हेंबरला शाळा नाही. म्हणजे आता सगळे भेटणार ते थेट कार्यक्रमाच्या दिवशी. घटना शोधण्यात गेलेला आठवडा हातात असता तर काउंटरफॉइल (तिकीट फाडून दिल्यावर पुस्तिकेत उरणारा भाग) गोळा करायला एक शनिवार मिळाला असता.

३० ऑक्टोबर, बुधवार

विक्री मंद आहे. फोन करून विचारलं तेव्हा कारण कळलं. ‘मराठी शाळेला मदत’ एवढं सांगून शेजारी एक तिकीट घेतात, भिडेखातर. बक्षिसं काय आहेत ते विचारतात आणि आपले लोक ‘बरीच आहेत’ म्हणतात.

मुलांच्या पोस्टरचा फोटो आणि बक्षिसांची यादी एकत्र करून सगळ्यांच्या फोनवर पाठवली. यादीत पहिलं एमओटी, दुसरं तांदूळ, मग जेवण, मग बाकी. जास्त किमतीची एक खास भेटवस्तू आधी सगळ्यात वर होती, ती खाली नेली. ज्यावर घरात तसाही खर्च होणारच आहे, असं बक्षीस पाहून माणूस दोन तिकिटं जास्त घेतो. ऑफिसात तर एमओटीनेच विक्री केली. दोन दिवसांत पुस्तिका संपल्याचे आणि आणखी हव्या असल्याचे निरोप यायला लागले.

खजिनदार दादांचा त्रास वेगळा आहे. लोक पैसे थेट बँकेत टाकतात आणि संदर्भात ‘दिवाळी’ किंवा ‘रॅफल’ एवढंच लिहितात. कोणाचे पैसे कोणत्या तिकिटांचे, हे जुळवण्यात त्यांच्या संध्याकाळी जात आहेत. संदर्भात पुस्तिकेचा क्रमांक घालायचा, हे पुस्तिकेवरच छापायला हवं होतं.

कुणीतरी विचारलं की यावर गिफ्ट एड, म्हणजे चॅरिटीला देणगीवर सरकारकडून मिळणारी कराची रक्कम, मिळेल का. नाही. रॅफलचं तिकीट देणगी धरत नाहीत, कारण बदल्यात जिंकण्याची संधी मिळते. चॅरिटी असलेल्या संस्थेलाही मिळत नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

सोडत झाली.

दाराशी दोघंजण वही घेऊन बसले होते. काउंटरफॉइल, उरलेली तिकिटं आणि रोख तिन्ही एकाच वेळी घ्यायची, वहीतल्या सहीसमोर खूण करायची. हॉलमध्येही विक्री चालू ठेवली, त्यासाठी एका पालकांचं कार्ड मशीन आणलं होतं. रोख पैसे आता फार थोड्यांच्या खिशात असतात. मशीन नसतं तर आजची अर्धी विक्री बुडाली असती.

सोडत मध्यंतरात ठरली होती. मध्यंतर झालं तेव्हा एक कुटुंब एम-फोर महामार्गावर अपघातामुळे थांबलेल्या गाड्यांत अडकलेलं होतं आणि त्यांच्याकडे तीस विकलेल्या तिकिटांची काउंटरफॉइल होती. काहींचं म्हणणं, वाट बघू नका, लोक कंटाळतील. पण त्या तीस तिकिटांचे पैसे घेतलेत, ती डब्यात नसतील तर सोडत खरी नाही. मुलांचं नाटक आधी घेतलं, सोडत शेवटी ढकलली. नाटक संपता संपता ते कुटुंब पोचलं.

स्टीलच्या मोठ्या डब्यात चिठ्ठ्या टाकण्याआधी प्रत्येक पुस्तिकेच्या पिना काढल्या. दोन काउंटरफॉइल पिनेने जोडलेली राहिली तर दोन्हीवर अन्याय होतो. न विकलेली तिकिटं सगळ्यांसमोर वेगळ्या पाकिटात बंद केली. चिठ्ठ्या काढायला हॉलच्या केअरटेकर बाईंना बोलावलं. त्यांनी तिकीट घेतलं नव्हतं आणि त्या कोणाच्या ओळखीच्याही नव्हत्या.

बक्षिसं २४ होती आणि इथे कार्यक्रम रेंगाळला. प्रत्येक नाव पुकारायचं, माणूस मागच्या रांगेतून येणार, फोटो, टाळ्या. लहान मुलं झोपायला आली, मागे जेवण निवत होतं. पुढच्या वर्षी पहिली सहा बक्षिसं स्टेजवर काढायची. बाकीची सगळी बक्षिसं दोन साक्षीदारांसमोर टेबलावर काढून यादी भिंतीला लावायची.

एमओटी मिळाली ती आमच्या एका आईच्या ऑफिसातल्या रिसेप्शनिस्टला. तांदळाची पिशवी नेणाऱ्या आजोबांना ती उचलवेना, तर तिसरी-चौथीतली चार पोरं ती गाडीपर्यंत घेऊन गेली.

१६ नोव्हेंबर, शनिवार

हिशेब कमिटीसमोर ठेवला. ८१२ तिकिटं गेली, म्हणजे ८१२ पौंड. खर्च: नोंदणी ४०, छपाई ४६, पाकिटं आणि आभारपत्रं ११, कार्डाने आलेल्या २१४ पौंडांवर १.६९ टक्क्यांप्रमाणे ३ पौंड ६२ पेन्स. एकूण १०० पौंड ६२ पेन्स. हाती उरले ७११ पौंड ३८ पेन्स. बक्षिसांवर शाळेचा एक पेन्सही गेला नाही.

वहीतली तिकिटं आणि जमा रक्कम यांत आधी १५ पौंडांचा फरक येत होता. तो बँकेत ‘आजी’ एवढाच संदर्भ असलेल्या एका रकमेत सापडला.

३० नोव्हेंबर, शनिवार

पाच बक्षिसं न्यायला कोणी आलं नव्हतं. तीन काउंटरफॉइलांवरचे फोन लागले. एकावरचा आकडा वाचता येत नव्हता, पुस्तिका कोणाकडे होती हे वहीत असल्याने त्यांच्याकडून माणूस सापडला. शेवटचं, थ्रेडिंगचं व्हाउचर, ज्यांना मिळालं त्यांनी आपणहून शाळेला परत दिलं. ते आम्ही केअरटेकर बाईंना दिलं.

आभारपत्रं घेऊन प्रत्येक दुकानात मी आणि चिटणीस ताई स्वतः गेलो. पत्रात किती पैसे जमले आणि त्यांतून काय घेणार, हे आकड्यांसह लिहिलं. गॅरेजवाला म्हणाला, मदत मागायला खूप जण येतात, पुढे काय झालं ते सांगायला फारसं कोणी येत नाही. त्याने पत्र परवान्यांशेजारी भिंतीला लावलं. पुढच्या वर्षीही एमओटी देणार आहे, हे त्याने न विचारता सांगितलं. अण्णांना आम्ही आमचा अर्ज, घटनेचा नमुना आणि हिशेबाचा तक्ता दिला, कारण त्यांच्या शाळेची कमिटी यंदा बदलते आहे आणि नव्या लोकांना तो लागेल.

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

कौन्सिलला विवरण पाठवलं. मुदत ९ फेब्रुवारीची होती. तिकिटं कधीपासून कधीपर्यंत विकली, सोडतीची तारीख, एकूण रक्कम, खर्च आणि शाळेच्या कामाला गेलेली रक्कम एवढं लिहायचं असतं. खाली दोन प्रौढ सभासदांच्या सह्या लागतात आणि त्या दोघांची नेमणूक संस्थेने लेखी केलेली असावी लागते. तो ठराव कमिटीने नोव्हेंबरमध्येच करून ठेवला होता, म्हणून आज अडलं नाही. कौन्सिलची पोच आली की फोन नंबर असलेली सगळी काउंटरफॉइल यंत्रात घालून नष्ट करायची आहेत.

पुस्तकगाडी १८९ पौंडांची आली, कुलपासह. उरलेल्या पैशांची पुस्तकं पुण्याहून मागवली. पार्सलचा खर्च पुस्तकांच्या किमतीच्या आसपास जात होता, म्हणून डिसेंबरात भारतात गेलेल्या चार कुटुंबांनी ती आपापल्या सामानात वाटून आणली. निवड शिक्षकांनी केली: मोठ्या अक्षरांची आणि पानावर चार-पाच ओळी असलेली जास्त, कारण इथल्या आठ वर्षांच्या मुलाला गोष्ट आठ वर्षांच्या मुलाची हवी असते, पण मराठी वाचनाचा वेग अजून पहिलीतला असतो.

आज पहिल्यांदा पुस्तकं मुलांनी स्वतः निवडून घरी नेली. नोंदवही पाचवीतल्या दोन मुली सांभाळणार आहेत. घटना, नोंदणीपत्र, दुकानदारांची यादी आणि तिकिटाची फाइल आता शाळेच्या ईमेलखात्यात आहे, कोणा एकाच्या घरी नाही. नोंदणीची २० पौंडांची वार्षिक फी सप्टेंबरअखेर भरायची आहे, ती खजिनदारांच्या यादीत घातली.